बूस्टर बदला म्हणे!

जुन्या टाटा ४०७ चं ब्रेक पेडल दगडासारखं झालं की आमच्या वर्ध्यात ठरलेलं उत्तर मिळतं: "बूस्टर गेला, बदला." तपासणी शून्य! याला मिस्त्रीपणा म्हणायचं?

अहो, डिझेल इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये पेट्रोलसारखा व्हॅक्यूम तयार होत नाही. म्हणून वेगळा पंप असतो, बहुतेकदा अल्टरनेटरच्याच मागे. तिथून बूस्टरपर्यंत रबरी नळी आणि एकेरी व्हॉल्व्ह. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर, त्यात इंजिनाची धग. रबर तडकणारच!

इंजिन बंद करून पाच मिनिटांनी पेडल दाबा. पहिलाच दाब कडक लागला तर व्हॅक्यूम निसटतोय. मग पंपाजवळ टी-जॉइंटने गेज लावा, इंजिन चालू ठेवून नळी बूस्टरच्या तोंडाशी आवळा. काटा चढला तर दोष बूस्टरकडे. नाही चढला तर गेजच्या लगेच पुढे आवळा; आता चढला तर नळी, नाहीतर पंप. दहा-पंधरा मिनिटांचं काम.

पण नवा बूस्टर बसवून तीच तडकलेली नळी परत जोडतात. पेडल कडक ते कडकच, आणि वर ऐकवतात, "जुनी गाडी आहे भाऊ, चालायचंच." ही गाडी कापूस भरून हिंगणघाटच्या बाजाराला निघणार असते!

बिलावर बूस्टर दिसला तर पैसे देण्याआधी जुनी नळी मागा. वाकवून बघा.