पाठीवरची चंद्रकोर

गेल्या पावसाळ्यात आमच्या अंतरवाली सराटीच्या वर्गात बुटांची दोन खोकी आली. दोन्हींत तुतीचा पाला आणि पाल्यावर रेशमाच्या अळ्या. जालना जिल्ह्यात रेशीमशेती चांगली रुजली आहे, जालन्याच्या बाजार समितीत २०१८ पासून कोषांचा बाजारही भरतो. तेव्हा अळ्यांचं नवल कुणालाच नव्हतं. नवल वेगळंच होतं. एका खोक्यातल्या अळ्या नुसत्या पांढऱ्या, तर दुसऱ्यातल्या अळ्यांच्या पाठीवर तपकिरी चंद्रकोरी आणि पुढच्या बाजूला डोळ्यांसारखे डाग. (ते खरे डोळे नव्हेत बरं का!)

"सर, यांचं अन् त्यांचं लगीन लावलं तर पोरं कशी होतील?" एका मुलीने विचारलं. वर्ग हसला. पण नेमका हाच प्रश्न तोयामा कामेतारो या जपानी शास्त्रज्ञाला पडला होता. त्याने वेगवेगळ्या रंगरूपाच्या जातींच्या जोड्या लावून पिल्लं मोजली. डागवाली आणि बिनडागी जोडी लावली तर अर्धवट, फिकट डाग येतील, असं वाटतं ना? तसं होत नाही. पहिल्या पिढीतली सगळी पिल्लं डागवाली! पण त्या पिल्लांची आपसात जोडी लावली, की चारांत साधारण एक बिनडागी निघते. मेंडेलने वाटाण्यात पाहिलेला नियम रेशीमकिड्यांनाही लागू आहे, हे तोयामाने १९०६ साली प्रसिद्ध केलं.

असं समजा, की प्रत्येक अळीला डागांच्या दोन चिठ्ठ्या मिळतात, एक आईकडून, एक बापाकडून. एकीवर जरी 'डाग' लिहिलेलं असलं तरी डाग उमटतात. म्हणजे डागवाल्या अळीत 'बिनडाग' चिठ्ठी लपलेली असू शकते. वरून ती दिसत नाही, भिंगातूनही नाही. मग ओळखायची कशी? तिचा पतंग झाला, की त्याची जोडी बिनडागी जातीच्या पतंगाशी लावायची आणि पिल्लं मोजायची.

आम्हीही लावली जोडी. कोष वेगवेगळ्या डब्यांत नावं घालून ठेवले, कारण पतंग झाल्यावर सगळे सारखेच पांढरे. मादीने कागदावर चारेकशे अंडी घातली. दहा दिवस झाले, पंधरा झाले. अंडी राखाडी पडली, पण फुटेनात. मुलं हिरमुसली, आणि खरं सांगतो, मीही. मागाहून कळलं, की अशा जातींची अंडी झोपी जातात. त्यांना दीर्घ थंडी लागते, नाहीतर घातल्यावर ठरावीक वेळात आम्लात बुडवावी लागतात. ते काम अंडीपुंज केंद्राचं, घरी करायचं नाही.

त्या मुलीचे वडील मला म्हणाले होते, "सर, घरचेच कोष राखून अंडी काढली तर पैसे वाचतील की." मी तेव्हा गप्प बसलो. आता सांगितलं. तुमच्या शेडमधल्या अळ्या वेगवेगळ्या जातींच्या संकरातून आल्या आहेत. त्यांची पुढची पिढी त्या डागांसारखीच विखुरते. कोष लहानमोठे, धागा कमीजास्त, भाव पडलेला. शिवाय पेब्रिन रोगाचे जंतू मादीतून थेट अंड्यात उतरतात. म्हणून केंद्रात माद्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात आणि रोगी मादीची अंडी नष्ट करतात. त्यांनी हिशेब ऐकला आणि अंडी विकतच आणली.

आता तुमची पाळी. एका डागवाल्या मादीची जोडी बिनडागी नराशी लावली. ४०० पिल्लांत २०२ डागवाली, १९८ बिनडागी निघाली. आईकडे कोणत्या दोन चिठ्ठ्या होत्या? मोठ्यांना विचारू नका, कागदाच्या चिठ्ठ्या करून उचलून पाहा. उत्तर पुढच्या अंकात.