जकात, मोबाइल आणि घेणाऱ्याची अब्रू

रमजानचा शेवटचा अशरा, म्हणजे अखेरचे दहा दिवस जवळ आले की मशिदीच्या दारातली पेटी, मदरशांच्या सफीरांची पावतीपुस्तके आणि व्हॉट्सअॅपवरची आवाहने यांची एकच गर्दी होते. दुकानोदुकानी फिरणाऱ्या सफीरांच्या पिशवीत आता क्यूआर कोडचा लॅमिनेट केलेला कागदही असतो. सुट्टे नाहीत, उद्या या, ही दुकानदाराची जुनी सबब त्यामुळे संपली आहे, आणि ते बरेच झाले.

जकात म्हणजे मर्जीने टाकलेली भीक नव्हे. ज्याच्याकडे साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी, अथवा तेवढ्या किमतीची रोकड वा व्यापारी माल आहे, त्याने देणी वजा करून उरलेल्यावर दरवर्षी अडीच टक्के द्यायचे असतात. हे वर्ष चांद्र महिन्यांचे. ते केव्हाही पूर्ण होऊ शकते. पण रमजानमधल्या पुण्याईच्या ओढीने बहुतेक लोक हिशोब याच महिन्यात करतात. पूर्वी त्यासाठी मौलानांकडे वही घेऊन जावे लागे, आता मोबाइलवर त्या दिवसाचा सोन्या-चांदीचा भाव टाकला की आकडा समोर येतो. ही रक्कम कोणाला द्यावी हे कुरआनच्या सूरह तौबामध्ये आठ प्रकारांत सांगितले आहे. त्यात गरीब आहेत, तसे कर्जात बुडालेले आणि वाटेत अडकलेले प्रवासीही आहेत. कुरआनच्या भाषेत मालदाराच्या संपत्तीत मागणाऱ्याचा आणि वंचिताचा हक्क असतो. हक्क देताना उपकाराचा आव आणायचा नसतो, आणि घेणाऱ्याला ओशाळे करायचे तर मुळीच नाही.

या बाबतीत मोबाइल फार कामाचा आहे. केनियात 2007 मध्ये एम-पेसा सुरू झाले. साध्या बटणांच्या फोनवरून पैसे पाठवायची आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून ते काढून घ्यायची सोय लोकांना मिळाली. पुढे ‘गिव्हडायरेक्टली’सारख्या संस्थेने त्याच वाटेने खेड्यातल्या गरीब कुटुंबांना थेट रोख मदत पोचवली. कोविडच्या काळात 2020 मध्ये टोगो या पश्चिम आफ्रिकेतल्या छोट्या देशाने ‘नोव्हिसी’ योजनेतून रोजगार बुडालेल्यांना फोनवरच पैसे दिले, आणि बायकांना पुरुषांपेक्षा थोडे जास्त दिले. रांग नाही, मंडप नाही, पाहुण्यांची भाषणे नाहीत. फोन वाजतो, पैसे जमा होतात. त्यातून पीठ आणायचे की औषध, हे घरातली बाई ठरवते. शेजाऱ्याला पत्ताही लागत नाही.

दान उघड देणे चांगलेच, पण गुपचूप गरजवंताच्या हाती देणे अधिक चांगले, असे कुरआन सांगते. उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये, ही हदीसमधली शिकवण. बायबलमध्ये मत्तयच्या शुभवर्तमानातही हेच दोन हात आहेत. आणि मराठीत तर गुप्तदान हा शब्द देवळातल्या दानपेटीपासून गणपतीच्या वर्गणीपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. त्या गुप्तदानाला यूपीआयइतके सोयीचे साधन दुसरे नसेल.

अडचण एवढीच की पैसे पाठवणाऱ्या त्याच फोनला कॅमेराही आहे. रमजान किटचे वाटप पाहा. पीठ, तांदूळ, तेल, साखर, खजूर. पिशवीवर देणाऱ्याचे नाव. एका पिशवीला सहा हात लागलेले, आणि मधोमध बुरख्यातली एक विधवा, शेजारी तिचे पोर. फोटो संध्याकाळपर्यंत गावभर. त्या पोराच्या वर्गातल्या मुलांनीही तो पाहिलेला असतो. आठशे-हजार रुपयांच्या शिध्यासाठी एवढी किंमत कोणी मोजायला लावू नये. राजस्थान सरकारने 2020 च्या टाळेबंदीत अन्नवाटपाचे फोटो काढायला मनाई केली होती. धर्माने केव्हाच सांगितलेल्या गोष्टीसाठी सरकारी हुकूम निघावा लागला!

फोटो काढणारे सगळेच प्रसिद्धीचे भुकेले असतात असे नाही. देणाऱ्यांना पुरावा हवा असतो, आणि त्यात गैर काही नाही, कारण फसवणूक खरोखर होते. आजारी मुलाच्या जुन्या फोटोखाली खातेक्रमांक बदलून आवाहने फिरतात. ते मूल बरे झाले की गेले, कोणालाच माहीत नसते. पुढे पाठवण्याआधी रुग्णालयात किंवा घरच्यांना एक फोन करायला दोन मिनिटे लागतात. क्यूआर स्कॅन केल्यावर पडद्यावर कोणाचे नाव येते तेही वाचावे. पण पुरावा म्हणून चेहराच का लागतो? किराणा दुकानाचे बिल, खात्याचा उतारा, किती घरांत किती पोचले याचा आकडा, एवढे जुम्याच्या नमाजनंतर वाचून दाखवले तर हिशोब पुरा होतो. चेहऱ्याने उलट हिशोब सिद्धच होत नाही. एका फोटोमागे पन्नास किट गेली की पाच, हे फोटो सांगत नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. पैसे पाठवताना खाली शेरा लिहायची जागा असते. बरेच जण तिथे ‘जकात’ लिहून मोकळे होतात. घेणाऱ्याला ते सांगावे लागत नाही. जकात देणाऱ्याची नियत पुरेशी असते, असे उलेमा सांगतात; हातात देताना ईदी म्हटले तरी जकात अदा होते. गरीब चुलत बहीण, रिक्षा चालवणारा भाचा यांच्याकडे तर अशीच जावी. शेऱ्यात ‘ईद मुबारक’ लिहावे. मात्र कोणाचे वीजबिल किंवा दुकानाची उधारी परस्पर भरायची असेल तर आधी त्याची संमती घ्यावी, कारण हनफी मतानुसार जकातीची रक्कम घेणाऱ्याच्या मालकीची व्हावी लागते. साध्या सदक्याला ही अट नाही.

ज्या म्हातारीकडे फोनच नाही तिचे काय? साध्या फोनसाठी 2022 पासून यूपीआय 123पे आहे, पण त्यालाही बँक खाते लागते, आणि घरातला एकुलता एक फोन बऱ्याचदा दारूड्या नवऱ्याच्या नाहीतर बेफिकीर मुलाच्या खिशात असतो. तिथे मोहल्ल्यातल्या एखाद्या जाणत्या बाईनेच पाकीट घेऊन जावे. ते पाकीट भरायचे पैसे खुशाल मोबाइलवरून गोळा व्हावेत.

फित्र्याला तर वेळेचे बंधन आहे. माणशी पावणेदोन ते दोन किलो गव्हाची किंमत, ईदच्या नमाजआधी. चांदरात्री उशिरा पाठवलेले पैसे नियमात बसतात खरे, पण तोवर दूधवाल्याचे दूध संपलेले असते आणि पोरांच्या कपड्यांची दुकाने बंद व्हायला आलेली असतात. रमजान सुरू असतानाच तो पाठवता येतो. सत्ताविसाव्या रोजाला पोचला तर त्या घरातही ईदच्या सकाळी शीरखुर्मा शिजेल.