पृथ्वीचं शतक, शार्दुलचे १० चेंडू आणि आता आयुष म्हात्रे : पोरगं पुढे जाणार, हे चाहत्यांना खरंच कळतं का?

ऑक्टोबर २०१८. वेस्ट इंडिजचा संघ भारत दौऱ्यावर आला होता. मालिका फक्त दोन कसोटींची होती, पण या दोन कसोटींत पालघर जिल्ह्यातल्या दोन पोरांना भारताची कसोटी टोपी मिळाली.

पहिली कसोटी ४ ऑक्टोबरला राजकोटमध्ये सुरू झाली. विरारमध्ये वाढलेला १८ वर्षांचा पृथ्वी शॉ सलामीला उतरला आणि त्याने १३४ धावा ठोकल्या. कसोटी पदार्पणातच शतक करणारा तो सर्वांत तरुण भारतीय ठरला. दुसरी कसोटी १२ ऑक्टोबरला हैदराबादमध्ये सुरू झाली. पालघरच्या शार्दुल ठाकूरने १० चेंडू टाकले, जांघेचा स्नायू दुखावला आणि तो मैदानाबाहेर गेला. तेव्हा तो २७ वर्षांचा होत आला होता.

त्या आठवड्यात नालासोपाऱ्यापासून डहाणूपर्यंत कुणालाही विचारलं असतं की या दोघांपैकी कोण लांब जाणार, तर उत्तर एकच आलं असतं. तेव्हाचे प्रशिक्षक रवी शास्त्री यांनाही पृथ्वीत सचिन, सेहवाग आणि लारा यांची झलक दिसली होती. तिथे सामान्य चाहत्याला काय दोष देणार?

आता दोन वर्षं पुढे जाऊ. डिसेंबर २०२०, ॲडलेड. पृथ्वी दोन्ही डावांत त्रिफळाचीत झाला, धावा शून्य आणि चार. त्यानंतर तो भारताकडून कसोटी खेळलेला नाही. त्याच दौऱ्यात महिन्याभराने ब्रिस्बेनला दुखापतींमुळे संघात खेळाडूच उरले नाहीत, म्हणून शार्दुलला संधी मिळाली. त्याने पहिल्या डावात ६७ धावा केल्या आणि सामन्यात सात बळी घेतले. भारताने गॅबाची ती कसोटी आणि मालिका जिंकली. पुढे जानेवारी २०२२ मध्ये जोहान्सबर्गला त्याने एका डावात ६१ धावांत सात बळी घेतले.

म्हणजे २०१८ मध्ये सगळ्यांना जे स्पष्ट दिसत होतं, ते तीन वर्षांत उलटं झालं.

हा विषय आत्ताच का?

कारण विरारचं आणखी एक नाव सध्या प्रत्येक मोबाइलवर आहे, आयुष म्हात्रे. ३१ डिसेंबर २०२४ ला विजय हजारे स्पर्धेत नागालँडविरुद्ध त्याने ११७ चेंडूंत १८१ धावा केल्या. लिस्ट ए क्रिकेटमध्ये १५० च्या पुढे जाणारा त्या वेळचा तो जगातला सर्वांत लहान फलंदाज होता. ऋतुराज गायकवाड जखमी झाल्यावर आयपीएल २०२५ मध्ये चेन्नईने त्याला बोलावलं आणि बंगळुरूविरुद्ध त्याने ४८ चेंडूंत ९४ धावा काढल्या. २०२६ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकासाठी भारताचं कर्णधारपदही त्याच्याकडे आलं. याच स्पर्धेत २०१८ मध्ये भारताचा कर्णधार होता पृथ्वी शॉ. आठ वर्षांच्या अंतराने दोन कर्णधार, दोघेही विरारचे. दोघांनाही प्रशांत शेट्टी या एकाच प्रशिक्षकाचं मार्गदर्शन मिळालं.

त्यामुळे रील्सच्या खाली दोन प्रकारच्या कमेंट पडतात. एक, 'पुढचा सचिन'. दुसरी, 'याचाही पृथ्वी शॉ होणार'. दोन्ही कमेंट करणाऱ्यांना स्वतःच्या अंदाजाची पक्की खात्री असते. पण ही खात्री येते कुठून?

शाळेतल्या आकड्यांचं गणित

मुंबईच्या क्रिकेटला मोठ्या आकड्यांचं वेड जुनं आहे. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शिल्डच्या सामन्यात शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची नाबाद भागीदारी केली. सचिन ३२६, कांबळी ३४९. तेव्हापासून शाळेत कुणी डोंगराएवढ्या धावा केल्या की पुढचा सचिन सापडल्याची बातमी होते.

नंतरची यादी बघा. २००९ मध्ये सर्फराज खानने हॅरिस शिल्डमध्ये ४३९ धावा केल्या. २०१० मध्ये अरमान जाफरने ४९८ केल्या. नोव्हेंबर २०१३ मध्ये १४ वर्षांच्या पृथ्वीने रिझवी स्प्रिंगफिल्डकडून ५४६ ठोकल्या. आणि जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडेने के. सी. गांधी शाळेकडून नाबाद १००९ धावा करून १८९९ पासूनचा विश्वविक्रम मोडला.

यातल्या आकड्यांची आणि पुढच्या वाटचालीची सांगड घालून बघितली तर काही जुळत नाही. सर्वांत मोठा आकडा प्रणवचा, पण तो वरिष्ठ पातळीवर चमकला नाही. ४३९ वाल्या सर्फराजला कसोटी टोपी मिळायला २०२४ उजाडलं, म्हणजे जवळपास १५ वर्षं गेली. ४९८ वाला अरमान मुंबईकडून खेळला, भारताकडून नाही. भागीदारीत सचिनपेक्षा जास्त धावा करणाऱ्या कांबळीची कसोटी सरासरी ५४.२० आहे, पण त्याचं कसोटी करिअर १७ सामन्यांत, वयाच्या तेविशीत संपलं.

मग आकडा खोटा असतो का?

खोटा नसतो, अर्धा असतो. प्रणवच्या सामन्यात त्याच्या संघाने १४६५ धावांवर डाव घोषित केला. समोरचा संघ दोन डावांत ३१ आणि ५२ धावांत गारद झाला. यावरून दोन संघांत किती तफावत होती ते कळतं. तासन् तास न थकता खेळणं ही प्रणवची कमाई होतीच, पण तो रणजी गोलंदाजांसमोर काय करेल, याबद्दल तो स्कोअरकार्ड काहीच सांगत नव्हता.

दुसरा मुद्दा वयाचा. चौदा-पंधराव्या वर्षी एका वर्षाचा फरक फार मोठा असतो. ज्याची उंची आणि ताकद लवकर वाढली, तो शाळेत राजा असतो. १९८५ मध्ये कॅनडातल्या अभ्यासकांनी आइस हॉकीत दाखवून दिलं होतं की वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत जन्मलेली मुलं निवडक संघांत जास्त दिसतात. कारण वयोगटाची मोजणी १ जानेवारीपासून होते आणि ती मुलं गटात सर्वांत मोठी असतात. ती गुणवान वाटतात, प्रत्यक्षात काही महिन्यांनी थोरली असतात. आपल्याकडे वयचोरी रोखण्यासाठी बीसीसीआय लहान वयोगटात हाडांच्या एक्स-रेवरून वय तपासतं.

तिसरा मुद्दा, एखाद्या फलंदाजाची खोट शाळेत उघडी पडत नाही. आत येणाऱ्या चेंडूला बॅट आणि पॅडमध्ये फट राहते, हे ताशी १०० किलोमीटरच्या गोलंदाजीवर कळत नाही. स्टार्क आणि कमिन्स टाकायला लागले की पहिल्याच षटकात कळतं.

अमेरिकेत हेच काम पगारी माणसं करतात

अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉल आणि व्यावसायिक बेसबॉल यांचे चाहते वर्षभर हाच वाद घालतात. तिथे 'ड्राफ्ट' असतो. म्हणजे सगळे संघ पाळीपाळीने नव्या पोरांमधून एकेकाला निवडतात. जो आधी निवडला गेला, तो जास्त होतकरू मानला जातो.

बेसबॉलचे स्काउट खेळाडूला २० ते ८० अशा पट्टीवर गुण देतात, ५० म्हणजे मोठ्या लीगमधला सरासरी खेळाडू. फटका मारण्याचं कौशल्य, ताकद, धावण्याचा वेग, फेक आणि क्षेत्ररक्षण यांचे गुण वेगवेगळे. यातली खरी शहाणपणाची गोष्ट म्हणजे प्रत्येक गोष्टीचे दोन आकडे असतात. आज किती आणि पुढे किती होऊ शकेल. चाहता हे दोन आकडे एकच समजतो, तिथे त्याची पहिली चूक होते.

एवढं करूनही पगारी तज्ज्ञ चुकतात. २००९ च्या बास्केटबॉल ड्राफ्टमध्ये डेव्हिडसन या छोट्या कॉलेजचा स्टीफन करी सातव्या क्रमांकावर गेला. त्याच्या आधी सहा जणांना पसंती मिळाली होती. पुढे करीने चार अजिंक्यपदं जिंकली. त्याच वर्षी बेसबॉलमध्ये माइक ट्राउटला २५ वा क्रमांक मिळाला आणि नंतर तो तीनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. सचिन-कांबळीच्या भागीदारीच्याच वर्षी, १९८८ मध्ये, माइक पियाझा नावाच्या पोराला ६२ व्या फेरीत कुणीतरी घेतलं, तेही कौटुंबिक ओळखीमुळे. २०१६ मध्ये तो बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला.

ज्यांची नोकरी अंदाजावर चालते त्यांची ही गत असेल, तर ३० सेकंदांच्या रीलवरून काढलेल्या निष्कर्षाची किंमत किती?

चाहत्याच्या अंदाजाची किंमत कोण चुकवतं?

कमेंट करणाऱ्याचं काही जात नाही. तो उद्या नवं नाव घेतो. किंमत मोजतं ते पोरगं आणि त्याचं घर.

आचोळे हे नालासोपारा पूर्वेचं. पुढचंच स्टेशन विरार. या पट्ट्यातल्या मुलाला मुंबईचं मोठं क्रिकेट खेळायचं असेल तर आझाद मैदान, क्रॉस मैदान नाहीतर शिवाजी पार्क गाठावं लागतं. विरार ते चर्चगेट अंतर सुमारे ६० किलोमीटर आहे. विरारहूनच भरून येणाऱ्या लोकलमध्ये किट बॅगसकट चढणं ही नालासोपाऱ्यातल्या मुलाची रोजची पहिली परीक्षा. पृथ्वीही लहानपणी विरारहून वांद्र्याला याच गर्दीतून जायचा. सोबत घरातलं एक मोठं माणूस लागतं, म्हणजे एका माणसाचा रोजगार बुडतो. एका खेळीनंतर सगळं जग 'पुढचा सचिन' म्हणायला लागलं की याच घरात मोठे निर्णय होतात. शाळा बदलायची का, मैदानाजवळ भाड्याने घर घ्यायचं का, दहावीचं काय करायचं?

प्रणवच्या १००९ नंतर मुंबई क्रिकेट संघटनेने त्याला पाच वर्षांसाठी दरमहा १०,००० रुपयांची शिष्यवृत्ती जाहीर केली. २०१७ मध्ये कामगिरी घसरल्यावर ती थांबवा, असं त्याच्या वडिलांनीच कळवलं. वडील रिक्षाचालक. पैसे नको होते असं थोडंच आहे? त्या पैशांबरोबर आलेल्या अपेक्षांचं ओझं जास्त होतं.

पृथ्वीच्या बाबतीत तर बाजाराने आकडाच लिहून दाखवला. २०२२ च्या हंगामाआधी दिल्लीने त्याला साडेसात कोटींना राखून ठेवलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या रणजी संघातून तो बाहेर झाला आणि नोव्हेंबरच्या लिलावात त्याला कुणीच घेतलं नाही. डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा दिल्लीनेच घेतलं, ७५ लाखांना. यात त्याचा स्वतःचा वाटाही आहे. २०१९ मध्ये खोकल्याच्या औषधातल्या बंदी असलेल्या घटकामुळे त्याच्यावर आठ महिन्यांची बंदी आली, तंदुरुस्ती आणि शिस्तीवर वारंवार प्रश्न उठले. पण १४ व्या वर्षापासून ज्याला सगळे 'होणारच' म्हणत आलेत, त्याला तू कुठे कमी पडतोस हे सांगणारी माणसं भोवती किती उरली असतील, हाही प्रश्न आहे.

मग बघायचं काय?

अंदाज बांधू नये असं नाही. तो खेळाचा निम्मा आनंद आहे. पण रील शेअर करण्याआधी चार गोष्टी विचारता येतात.

१. धावा कुणासमोर झाल्या? शाळा, १९ वर्षांखालील कूचबिहार, २३ वर्षांखालील सी. के. नायडू आणि रणजी या वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. एका पायरीवरच्या धावा पुढच्या पायरीवर तशाच्या तशा मिळत नाहीत.

२. दुसऱ्या वर्षी काय झालं? पहिल्या वर्षी गोलंदाजांकडे त्याचा व्हिडिओ नसतो, दुसऱ्या वर्षी असतो.

३. खोट कळल्यावर ती दुरुस्त झाली का? एका शतकापेक्षा हे जास्त महत्त्वाचं. हे कळायला हायलाइट्स नाही, तो बाद कसा होतो ते बघावं लागतं.

४. संघ त्याच्याकडून नेमकं काय मागतो आहे? शालेय क्रिकेटमध्ये शार्दुलने एका षटकात सहा षटकार मारले होते. पण भारतीय संघात त्याला जागा मिळाली ती गोलंदाजीमुळे.

आणि निकाल कधी लावायचा? तेही घाईचं काम नाही. पृथ्वीने ऑक्टोबर २०२५ मध्ये महाराष्ट्राकडून रणजीत चंडीगडविरुद्ध २२२ धावा केल्या, तेव्हा तो २६ वर्षांचाही झाला नव्हता. शार्दुलचं खरं कसोटी करिअर त्याहून मोठ्या वयात सुरू झालं. ६६४ च्या त्या भागीदारीच्या वेळी पॅड बांधून बसलेल्या, पण फलंदाजीच न मिळालेल्या अमोल मुझुमदारने पुढे प्रथम श्रेणीत ११,१६७ धावा केल्या. भारताची टोपी मात्र त्याला कधीच मिळाली नाही. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारताच्या महिला संघाने विश्वचषक जिंकला, तेव्हा त्या संघाचा प्रशिक्षक तोच होता.

आयुषचा तो १५० पार जाण्याचा वयाचा विक्रमही वर्षभर टिकला नाही. डिसेंबर २०२५ मध्ये बिहारच्या १४ वर्षांच्या वैभव सूर्यवंशीने तो मोडला आणि रील्सचा लोंढा तिकडे वळला. आयुषसाठी ते कदाचित बरंच झालं. त्याचं रणजीतलं पहिलं वर्ष संपून गेलं आहे. आता गोलंदाजांकडे त्याचा व्हिडिओ आहे. बघायचं असेल, तर तो आता बाद कसा होतो ते बघा.