घमेल्याचे माप बंद करा

गेल्या काही महिन्यांत वाचकांच्या टपालात एकच तक्रार वेगवेगळ्या अक्षरांत येते आहे. घरकुलाची कामे हप्ता पडला की घाईने उरकली जातात, पहिल्या पावसाळ्यात स्लॅब पाझरतो आणि बोल लागतो तो मिस्त्रीला. मिस्त्री म्हणतो, स्लॅब टाकून मी दुसऱ्या कामावर गेलो, पाणी मारायचे काम मालकाचे होते. मालक म्हणतो, किती दिवस मारायचे हे मला कुणी सांगितलेच नाही. गृहनिर्माण अभियंत्याचे म्हणणे, माझ्याकडे इतकी गावे आहेत की प्रत्येक स्लॅबला उभे राहणे शक्य नाही. तिघांचेही खरे आहे आणि म्हणूनच प्रश्न गंभीर आहे. २२ फेब्रुवारी २०२५ रोजी पुण्यात २० लाख लाभार्थ्यांना घरकुलाच्या मंजुरीची पत्रे देण्यात आली. योजनेची मूळ अटच अशी आहे की सरकारने ठेकेदार नेमायचा नाही, लाभार्थ्याने घर स्वतः बांधायचे किंवा स्वतः उभे राहून बांधून घ्यायचे. म्हणजे एका वर्षात राज्यातली लाखो शेतमजूर आणि अल्पभूधारक कुटुंबे बांधकाम करणारी झाली. त्यांना पैसे मिळाले, वाळू मिळाली, मंजुरीचा कागद मिळाला. माल मोजायचे साधन आणि ते वापरायची माहिती मात्र कुणीही दिली नाही. आमच्या मते घरकुलांच्या दर्जाची सारी चर्चा इथून सुरू व्हायला हवी.

वाळूचेच घ्या. एप्रिल २०२५ च्या वाळू धोरणाने घरकुल लाभार्थ्याला ५ ब्रासपर्यंत वाळू मोफत देण्याचे ठरवले. निर्णय चांगला आहे आणि त्याचे स्वागत आम्ही केलेले आहे. पण ब्रास हे आकारमानाचे माप आहे, १०० घनफूट, आणि ओली वाळू फुगते हे आपल्या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. चार-पाच टक्के ओलावा असलेली बारीक वाळू २५ टक्के किंवा त्याहूनही जास्त फुगते. २५ टक्के फुगलेल्या एका ब्रासमध्ये प्रत्यक्ष वाळू ८० घनफूटच असते. ५ ब्रासमागे एक अख्खा ब्रास हवेचा. नदीपात्रातून उचललेली वाळू कोरडी असण्याची शक्यता किती? तरीही स्वामित्वधन, वाहतूक पास, लाभार्थ्याचा हक्क, सगळे ब्रासवर चालते आणि ट्रॉली रिकामी होताना ओलावा कुणी पाहत नाही. ही तपासणी करायला प्रयोगशाळा लागत नाही. सरळ बाजूंचा पत्र्याचा डबा घ्यावा, त्यात ओली वाळू न ठासता २० सेंटीमीटर भरावी, बाहेर काढावी, डब्यात निम्मे पाणी घालून तीच वाळू परत टाकावी आणि सळईने ढवळून बसू द्यावी. पूर्ण भिजलेली वाळू कोरड्या वाळूइतकीच जागा घेते. ती १६ सेंटीमीटरवर बसली तर फुगवटा २५ टक्के. हे दहा मिनिटांचे काम ग्रामपंचायतीच्या शिपायालाही जमेल आणि आठवीतल्या मुलीलाही.

आता सरकारच्या तपासणीचे पाहू. साधारणपणे रिकामी जागा, जोते, लिंटल, छत आणि पूर्ण घर अशा टप्प्यांवर ॲपमधून फोटो काढायचा, त्यावर अक्षांश-रेखांश उमटतात, फोटो पोर्टलवर चढतो आणि पुढचा हप्ता सुटतो. एकाच घराचे पैसे दोनदा उचलणे किंवा जागेवर काहीच नसताना बिल काढणे या पद्धतीमुळे अवघड झाले, हे श्रेय तिला द्यायलाच हवे. पण फोटोला काय दिसते? जोते आहे हे दिसते. त्या जोत्यात एका गोणीला किती पाणी घातले, कॉलमच्या रिंगांचे हूक आत वळवले की नुसते टेकवले, सळईखाली कव्हर ब्लॉक होते की खडीचे तुकडे, यातले काहीही फोटोत उमटत नाही. स्लॅबवर चौदा दिवस पाणी साठवलेले घर आणि दोन दिवस शिंपडा मारून सोडलेले घर पोर्टलवर तंतोतंत सारखे दिसते. शिवाय हप्ता टप्प्याला बांधल्यामुळे सगळ्यांचे लक्ष पुढचा टप्पा गाठण्याकडे लागते. पैसे थकले की कॉलमच्या उघड्या सळया पावसात गंजत उभ्या राहतात आणि पैसे आले की आठवड्यात दोन टप्पे उरकले जातात. काँक्रीटला लागणारा वेळ कोणत्याच हप्त्यात धरलेला नाही. अधिकाऱ्यांना हे कळत नाही असे नाही, पण उद्दिष्टाच्या तक्त्यात पूर्ण घरांचा रकाना आहे, पक्क्या काँक्रीटचा नाही, आणि ज्याचा रकाना नाही त्याचा पाठपुरावा कुणीच करत नाही.

यावर उपाय फार मोठा नाही. स्लॅबच्या आदल्या दिवशी, लोखंड बांधून झाल्यावर, टेप लावून एक जवळचा फोटो घ्या. स्लॅबच्या दिवशी एका गोणीमागे घातलेले पाणी लिटरमध्ये नोंदवा. तिसऱ्या आणि दहाव्या दिवशी स्लॅबवर साठवलेल्या पाण्याचा फोटो घ्या. ॲपमध्ये इतकी भर घालायला नवा कायदा लागत नाही. ही मागणी ग्रामविकास विभागाने गांभीर्याने घ्यावी.

पण सरकारची वाट पाहत बसण्याची आपल्याला गरज नाही, कारण खरी गळती आपल्याच हातून होते. आजही बहुतेक छोट्या कामांवर माल घमेल्याने मोजला जातो. घमेल्याचा आकार कंपनीगणिक वेगळा, भरणाऱ्याच्या हाताप्रमाणे शीग कमी-जास्त आणि दुपारनंतर फावडे मारणारा थकला की प्रमाण आणखी बदलते. ५० किलोची सिमेंटची गोणी सुमारे ३५ लिटर भरते. ४० सेंटीमीटर लांब, ३५ रुंद आणि २५ उंच अशी आतली मापे ठेवून प्लायच्या तुकड्यांची बिनझाकणाची पेटी केली की बरोबर ३५ लिटर होतात. दोन्ही बाजूंना धरायला पट्ट्या आणि आत निम्म्या उंचीवर खिळ्याने मारलेली खूण. एम २० साठी एक गोणी, दीड पेटी वाळू, तीन पेट्या खडी. सुतार ही पेटी अर्ध्या दिवसात करून देतो आणि एका पेटीवर वाडीतली सगळी घरकुले उभी राहतात. वाळू ओली असेल तर वर सांगितलेल्या डब्यातून निघालेला फुगवटा दीड पेटीवर वाढवून घ्यायचा. तो न वाढवल्यामुळे वाळू कमी पडते, खडी उघडी राहते, माल रेटता रेटत नाही आणि मग मिस्त्री सवयीने पाण्याचा पाइप सोडतो. आयएस ४५६ ने एम २० च्या ठरावीक प्रमाणाला एका गोणीमागे जास्तीत जास्त ३० लिटर पाणी सांगितले आहे आणि वाळूतला ओलावाही त्या ३० लिटरमध्येच धरायचा असतो. दीड पेटी वाळू ७५-८० किलो भरते. तिच्यात ५ टक्के ओलावा असेल तर ४ लिटर पाणी आधीच आत गेलेले असते, वरून घालायचे उरते २६. मिक्सरशेजारी लिटरच्या खुणा केलेली बादली ठेवली आणि पाइप बंद केला, तर एवढ्या एका गोष्टीने स्लॅबचे आयुष्य वाढते. कोकण किनाऱ्यालगत खारा वारा थेट लागतो तिथे मात्र हे ठरावीक प्रमाण पुरत नाही. तिथे मानकाला एम ३० अपेक्षित आहे आणि ते काम मिक्स डिझाइनशिवाय करू नये.

क्रश सँडबद्दल एक सावधगिरी. मे २०२५ च्या कृत्रिम वाळू धोरणानंतर तिचा वापर वाढणार आहे आणि चांगली धुतलेली, घनाकार दाण्यांची क्रश सँड काँक्रीटला उत्तमच आहे. पण क्रशरची डस्ट क्रश सँडच्या नावाने खपवली जाते ही तक्रारही टपालात वारंवार आहे. नदीच्या वाळूची बाटलीतली गाळ-चाचणी इथे जशीच्या तशी लावू नका. मिठाच्या पाण्यात वाळू हलवून तीन तास ठेवल्यावर वर बसणारा थर नदीच्या वाळूत मातीचा असतो, क्रश सँडमध्ये बराचसा दगडाच्या भुकटीचा. आयएस ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीने ७५ मायक्रॉनखालचा बारीक भाग नैसर्गिक वाळूला ३ टक्के आणि क्रश सँडला १५ टक्क्यांपर्यंत चालवून घेतला आहे तो याच कारणाने. तेव्हा पुरवठादाराकडे चाळणी-चाचणीचा अहवाल मागा. तो देत नसेल तर माल उतरवून घेऊ नका.

आता आक्षेपांकडे येऊ. पहिला आपल्याच लोकांचा आहे: मालकाला सगळे शिकवले तर आपल्याला कोण विचारील? हा विचार आम्हाला पटत नाही. थापी, ओळंबा आणि गुण्या यांच्यावरचा हात माहितीपत्रक वाचून येत नाही, त्याला वर्षे जातात. मालकाला जे शिकवायचे ते मिस्त्री निघून गेल्यानंतरचे आहे आणि त्यावरच मिस्त्रीचे नाव टिकते किंवा जाते. बाजारात आज बहुतेक सिमेंट पीपीसी आहे. त्याला किमान १० दिवस ओल लागते आणि १४ दिवस देणे चांगले. हे पाणी बहुतेक घरांत बाई मारते, तेही हंड्याने, लांबून आणून. तिला कुणी सांगितले की स्लॅबवर मातीचे वाफे बांधून पाणी एकदा साठवले की दिवसातून चारदा शिंपडण्यापेक्षा कमी पाणी लागते, तर तिचेही कष्ट वाचतील आणि तुमचा स्लॅबही. शटरिंगचे तसेच आहे. भाडे वाचवण्यासाठी टेकू लवकर काढण्याचा दबाव मालकाकडूनच येतो. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू किमान ७ दिवस आणि सहा मीटरपर्यंतच्या बीमखालचे १४ दिवस हलवायचे नाहीत आणि पीपीसी असेल तर त्याहून जास्त, हे त्याला कामाच्या आधीच माहीत असेल तर तो दबाव टाकणार नाही.

दुसरा आक्षेप अभियंत्यांचा आहे आणि तो अधिक वजनदार आहे. अर्धवट माहिती धोक्याची, असे ते म्हणतात. कॉलम हलवणे, सळईचा व्यास बदलणे, पायाची खोली कमी करणे, वर मजला चढवणे हे निर्णय मालकाने किंवा मिस्त्रीने परस्पर घ्यायचे नाहीत, यात दुमत नाही आणि प्रत्येक माहितीपत्रकाच्या पहिल्या ओळीत ते छापले पाहिजे. पण मोजमाप आणि निर्णय या वेगळ्या गोष्टी आहेत. पाणी लिटरने मोजणारा मालक अभियंत्याच्या अधिकारात ढवळाढवळ करत नाही, अभियंत्याने कागदावर लिहिलेले तो जागेवर उतरवतो. आणि याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर पुनर्वसित गावे ठेकेदारांनी बांधली, पण त्याहून कितीतरी जास्त, सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण मालकांनी आपल्या जागेवर स्वतः करून घेतले. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजाराहून अधिक गावांत संवाद सहायक म्हणून स्थानिक स्त्रिया नेमल्या गेल्या. धाब्यावरचा मातीचा थर कमी करणे, दगडी भिंतीच्या दोन्ही अंगांना बांधणारे आरपार दगड बसवणे, लिंटलच्या पातळीवर काँक्रीटचा पट्टा फिरवणे या गोष्टी त्यांनी घरोघरी समजावल्या. तांत्रिक माहिती अभियंत्यांचीच होती. ती गावाच्या भाषेत पोचवण्याची व्यवस्था उभी केली, एवढाच फरक होता. ३० वर्षांपूर्वी भूकंपाच्या धक्क्यात जे जमले ते आज शांत काळात का जमू नये, याचे उत्तर विभागाने द्यावे.

तिसरा आक्षेप कार्यालयांतून येतो: अवजारे दिली तर हरवतील, गंजतील, जबाबदारी कुणाची? याची सोय सरकारनेच आधी करून ठेवली आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या महा आवास अभियानात तालुक्याला डेमो हाऊस आणि बचत गटांनी चालवायचे घरकुल मार्ट या कल्पना आल्या. मार्टमधून सिमेंट आणि लोखंड विकले जाते, तिथूनच अवजारांची पेटी अनामत घेऊन वापरायला द्यावी. ३५ लिटरची मापपेटी, खुणांची बादली, लेव्हल ट्यूब, स्लम्प कोन, कव्हर ब्लॉकचा साचा, चाळणी आणि दोन-तीन गावांत मिळून एक नीडल व्हायब्रेटर. ज्या बचत गटाला कर्जाचा हिशेब पै-पैशाने ठेवता येतो त्याला बादलीचा हिशेब जड जाणार नाही. डेमो हाऊसचेही खरे काम हेच आहे. तयार रंगवलेले घर पाहून कुणाला बांधायला येत नाही. त्याची एक भिंत प्लॅस्टरशिवाय उघडी ठेवा आणि लोखंड बांधलेला एक कॉलम काँक्रीटविना उभा ठेवा, म्हणजे रिंगचा हूक कसा वळतो आणि कव्हर म्हणजे किती अंतर हे बोट लावून पाहता येईल.

वाचकांनो, हा अंक हातात पडेल तेव्हा पावसाळा संपून कामांचा हंगाम सुरू होत असेल. पहिल्या स्लॅबच्या आधी एक मापपेटी करून घ्या आणि काम संपल्यावर ती ग्रामपंचायतीत नाव लिहून ठेवून द्या. स्लॅब टाकून निघताना भिंतीवर खडूने दोन तारखा लिहा, पाणी कोणत्या तारखेपर्यंत साठवायचे आणि टेकू कोणत्या तारखेला काढायचे, आणि त्या घरातल्या बाईला वाचून दाखवा. जे वाचक अभियंता आहेत त्यांनी आपल्या हद्दीतल्या मिस्त्रींना महिन्यातून एक संध्याकाळ द्यावी. ज्यांच्या तालुक्यात घरकुल मार्ट अवजारे देण्यास तयार होईल त्यांनी आम्हाला लिहावे. त्या तालुक्यांची नावे आम्ही छापू, आणि जिथे अर्ज करूनही नकार मिळेल तो नकारही त्याच पानावर छापू.