पडद्यावरील हुकूम आणि थंड पडलेली नळी

टोरांटो येथें राहणाऱ्या एका वाचकभगिनींनीं आम्हांस लिहिलें आहे कीं, त्यांच्या इमारतीच्या एका मजल्यावर ऐन थंडींत ऊब येईनाशी झाली. संगणकाच्या पडद्यावर 'व्हॉल्व्ह उघडा' असें स्पष्ट दिसतें. नळी मात्र थंडगार. देखभाल करणाऱ्या गृहस्थांनीं कंट्रोलर निकामी ठरवून नव्याचा खर्च मागितला आहे. मजल्यावर वृद्ध माणसें राहतात; शिवाय त्या नगरीच्या नियमानें थंडीच्या दिवसांत भाडेकरूंस निदान २१ अंश उष्णता पुरविणें घरमालकास भाग आहे. तेव्हां खर्चास संमति द्यावी काय?

आमचें उत्तर, इतक्यांत देऊं नये.

पडदा दाखवितो तो हुकूम, घडलेलें कृत्य नव्हे. हजेरीपटावर खूण केली म्हणून मुलगा वर्गांत बसला आहे असें ठरत नाहीं. (वर्गांतील उष्णता तळघरांतील माणसास विजेनें कळविणाऱ्या यंत्राचें पेटंट १८८३ सालीं ज्यांनीं घेतलें, ते वॉरन जॉन्सन विस्कॉन्सिनमधील एक शिक्षकच होते, हें आम्ही किंचित् अभिमानानें नमूद करितों.) हुकूम कंट्रोलरबाहेर पडला काय, तारेंतून पोहोंचला काय, व व्हॉल्व्हनें तो पाळला काय, हे तीन प्रश्न निरनिराळे आहेत.

मल्टीमीटर घेऊन तपासणारा येथेंच फसतो. कंट्रोलरचें आउटपुट रिलेचें असेल, तर तें केवळ एक बटण होय. त्यांत स्वतःची वीज नसते. ती बहुधा २४ व्होल्टांच्या ट्रान्स्फॉर्मरकडून येते. रिलेच्या दोन टर्मिनलांवर मीटर धरिला असतां बटण जुळलेलें असेल तर शून्य दिसतें, आणि सुटलेलें असेल तर २४! शून्य पाहून "आउटपुट मेलें" म्हणणारे कमी नाहींत. वस्तुतः हुकूम पाळल्याची ती खूण असूं शकते. अर्थात् ट्रान्स्फॉर्मरच बंद असेल तर दोन्ही वेळां शून्यच. म्हणून तो आधीं पाहावा.

ट्रायॅकचें, म्हणजे हलता भाग नसलेल्या बटणाचें, गाऱ्हाणें उलट. तो बंद असतांही त्यांतून अत्यल्प प्रवाह झिरपतो. तार सोडवून मापल्यास जवळजवळ पूर्ण दाब दिसतो व आउटपुट सदाच चालू असल्याचा भास होतो. तार पुनः जोडतांच तो दाब नाहींसा होतो. यास्तव माप घ्यावयाचें तें व्हॉल्व्ह जोडलेला ठेवूनच.

भगिनींनीं त्या गृहस्थांकडून एवढें करवून घ्यावें. पडद्यावरून व्हॉल्व्हला हातानें प्रथम 'चालू' व मग 'बंद' असा हुकूम द्यावा, आणि प्रत्येक वेळीं व्हॉल्व्हच्या टोकाशीं दाब मापावा. तेथें २४ व्होल्ट येऊनही व्हॉल्व्ह हालत नसेल, तर कंट्रोलर निर्दोष. मोटर बिघडली किंवा व्हॉल्व्ह अडकला. दाब कंट्रोलरपाशीं बदलतो पण व्हॉल्व्हपाशीं नाहीं, असें आढळल्यास तार, सांधे व सैल स्क्रू पाहावे. कंट्रोलरपाशींच कांहीं बदलत नसेल, फ्यूजही शाबूत असेल, तरच त्याच्यावर संशय घ्यावा.

आणि तरीही घाई नको. वीज बंद करून मोटरचा व तारेचा रोध मापावा. मोटर आंतून शॉर्ट झाली असेल, तर नवा ट्रायॅकही पहिल्याच हुकुमास जळेल. १२० व्होल्टांच्या तारांस मात्र परवानाधारक इलेक्ट्रिशियनवांचून कोणीं हात लावूं नये. मापांचे आंकडे भगिनींनीं कागदावर लिहून घ्यावे, व मगच खर्चाची गोष्ट बोलावी.