नियमापलीकडचे काम

विद्यापीठे अधिनियम, परिनियम आणि परिपत्रके यांच्या बळावर चालतात, असा समज प्रशासनात रूढ आहे. तो अर्धाच खरा आहे. कर्मचाऱ्यांनी नियमात सांगितले तेवढेच काम करावयाचे ठरविले, तर कोणतेही विद्यापीठ अल्पावधीतच ठप्प होईल. ‘नियमानुसार काम’ हे संपाइतकेच प्रभावी हत्यार ठरते, याचे मर्म हेच.

नांदेडला १९९४ साली स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाल्याने या भागातील विद्यार्थ्यांचा तेव्हाच्या औरंगाबादपर्यंतचा हेलपाटा वाचला. १९९९ साली परभणीतून वेगळा झालेला हिंगोली जिल्हा याच विद्यापीठाच्या कक्षेत येतो. तरीही गुणपत्रिकेतील एका चुकीसाठी सेनगाव तालुक्यातील विद्यार्थ्याला नांदेड गाठावे लागले, तर त्याचा दिवस जातो आणि मजुरीच्या पैशातून भाडे जाते. अर्ज घेऊन पावती देणे हे लिपिकाचे कर्तव्य होय; पण कोणता कागद कमी आहे हे पाहून त्याने विद्यार्थ्याला वेळीच सांगितले, तर दुसरी फेरी टळते. या सौजन्याची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही. विद्यार्थ्याच्या दृष्टीने मात्र विद्यापीठाची कार्यक्षमता ती हीच.

अशा वर्तनाला अमेरिकी अभ्यासक डेनिस ऑर्गन यांनी संस्थात्मक नागरिकत्व म्हटले आणि १९८८ साली त्यावर ग्रंथ लिहिला. सहकाऱ्याला मदत, कर्तव्यदक्षता, किरकोळ गैरसोयींबाबत सहनशीलता, सौजन्य आणि संस्थेच्या कारभारात आस्था ही त्याची पाच अंगे. हे काम सक्तीचे नसते आणि त्याला थेट मोबदलाही नसतो. तरी संस्था त्यावरच तरते.

मग ते सक्तीचे का करू नये? कारण सक्ती होताच त्याचा आत्मा हरपतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली अध्यापकांच्या शैक्षणिक कार्याला गुण देणारी पद्धत आणली. २०१८ साली तिचे स्वरूप बदलावे लागले. गुणांसाठी केलेले काम गुणांपुरतेच राहते. आपल्याला न्यायाने वागविले जाते, असा विश्वास असेल तेथेच स्वेच्छेचे काम वाढीस लागते, असे या विषयावरील संशोधनही सांगते.

येथेच शासनाची आणि संस्थाचालकांची कसोटी आहे. तासिका तत्त्वावरील अध्यापकाला वर्गातील तासांचाच मोबदला द्यावयाचा आणि वर्गाबाहेरच्या निष्ठेची मात्र अपेक्षा करावयाची, हा न्याय नव्हे. एका लिपिकावर तिघांचे काम लादून त्याच्याकडे हसतमुख सेवा मागणे हेही तसेच.

ज्यांचे नाव हे विद्यापीठ धारण करते, ते स्वामीजी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिक्षक होते. त्या शाळेमागे त्याग होता, हे खरे. परंतु तो त्याग स्वातंत्र्याच्या ध्येयासाठी स्वतःहून स्वीकारलेला होता. रिक्त पदांची उणीव झाकण्यासाठी त्याचा दाखला देता येणार नाही. पदे भरावीत, माणसांना मानाने वागवावे. नियमापलीकडचे काम मागण्याची वेळ मग क्वचितच येईल.