घट्ट गोळीचा हट्ट

ठासणीच्या रायफलीत गोळी जितकी घट्ट तितका नेम पक्का, ही समजूत अर्धीच खरी आहे. गोळीचा आकार ठरवायचा तो पुसून लख्ख केलेल्या नळीवरून नव्हे, दहा-पंधरा बार काढून काजळलेल्या नळीवरून. काळी दारू जळाली की तिचा निम्म्याहून अधिक भाग घन राख होतो. थोडी राख धुराबरोबर जाते, उरलेली नळीच्या आतल्या पिळदार खाचांत, म्हणजे आट्यांत साचते आणि वाट अरुंद करते. म्हणूनच आजचे हौशी नेमबाजही .५० इंची नळीला साधारण .४९० इंची शिशाची गोळी घेतात. उरलेली फट वंगण लावलेली कापडाची चिंधी भरते; आटे पकडते ती चिंधीच, आणि गोळीला फिरकीही तीच देते.

फट वाढली की नेम जातो, हा आक्षेप खोटा नाही. इंग्रजांच्या ब्राऊन बेस बंदुकीची नळी .७५ इंचाची, गोळी जेमतेम .६९ ची. ठासायला झटपट, पण शंभर यार्डांपलीकडे सगळा दैवाचा खेळ. उलट बेकर रायफलीत चिंधीतली गोळी इतकी घट्ट बसे की सुरुवातीला सैनिकांना ती आत ठोकायला लाकडी हातोडे दिले होते! मात्र १८५३ च्या एन्फिल्ड रायफलीत गोळी उडताना तळाशी फुगून आटे पकडत असे. मग ती आधीपासून घट्ट ठेवण्याचे कारणच काय? तरी .५७७ इंची नळीला .५६८ ची गोळी दिली. म्हणजे फट पाव मिलिमीटरही नाही, आणि तीत काडतुसाचा वंगण लावलेला कागदही मावायचा. हिंदुस्थानच्या उन्हात ती ठासताना अडकू लागली. पुढे व्यास .५५ वर आणला, तळाला लाकडी बूच बसवले, आणि रायफल कामाची राहिली.

याचा अर्थ याच काडतुसांच्या वंगणाचे निमित्त होऊन भडकलेला १८५७ चा उठाव काही मिलिमीटरांत मोजायचा, असा नाही. त्याची कारणे संस्थानांच्या खालसा होण्यापासून पगारापर्यंत पसरलेली होती. पण इतक्या कमी फटीत वंगणाशिवाय गोळी उतरणार नाही, हे यंत्राचे म्हणणे होते. ते वंगण जनावराच्या चरबीचेच हवे, हे यंत्राने कधीच सांगितले नव्हते. जानेवारी १८५७ च्या अखेरीस शिपायांनी आपल्या पसंतीचे वंगण लावावे अशी मुभा मिळाली. ही सोय काडतुसे बनवण्याआधीही करता आली असती.